धुतलेलं पोट

धामणवाडीच्या आरोग्य केंद्रात शिरलं की समोरच्या भिंतीवर एक पाटी होती. पांढऱ्या पत्र्यावर निळ्या अक्षरांत लिहिलेलं: ‘पोट चोळून किंवा बेंबी बसवून आलेल्या रुग्णांना येथे तपासले जाणार नाही. आदेशावरून.’ आदेश कोणाचा, हे गावात कोणी कधी विचारलं नाही. तो डॉक्टर समता इंगळेचाच होता, आणि असा आदेश काढायचा तिला काडीचाही अधिकार नव्हता. सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर ‘तपासणार नाही’ असं लिहिणं म्हणजे नोकरीशी खेळच. पण समता मूळची लोणारची, आणि तिचा राग एकदा चढला की लवकर उतरत नसे.

राग यायला कारणही तसंच घडलं होतं. दोन वर्षांपूर्वी ती इथं रुजू झाली, त्याच हिवाळ्यात दहावीतली एक पोरगी तिच्यासमोर आणून ठेवली होती. पोट फुगलेलं, ओठ सुकलेले, आणि अंगाला ओव्याच्या तेलाचा वास. अपेंडिक्स सुजलं होतं आणि घरचे चार दिवस बेंबी सरकली म्हणून पोट चोळून घेत होते. पोरगी बुलढाण्याला महिनाभर पडून राहिली आणि कशीबशी वाचली. समता त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी चिखलीला जाऊन तिने पाटी रंगवून आणली.

पाटी ठोकली निवृत्तीभाऊंनी. निवृत्तीभाऊ म्हणजे रिटायर पोस्टमन. रोज सकाळी दवाखान्याच्या बाकावर येऊन बसायचे आणि बीपी मोजून घ्यायचे. त्यांचा बीपी समतापेक्षा चांगला असे, पण नळाची गळती, खिडकीची कडी, पंख्याची दोरी ही सगळी दुरुस्ती ते आपली समजून करत, म्हणून त्यांना कोणी हटकत नसे. चार खिळ्यांपैकी दोन त्यांनी वाकडे ठोकले आणि वाकडेच ठेवले. लांब उभं राहून पाटी वाचली आणि म्हणाले, “आता कोण चोळते ते पाहतोच मी, मॅडम.”

पाटी लावून झाल्यावर समता जनकाबाईच्या घरी गेली होती. जनकाबाई पासष्टीची. गावात कोणाच्याही पोटात कळ आली की आधी बोलावणं तिलाच. माणसाला उताणं निजवायचं, बेंबीवर तीन बोटं टेकवायची, खालची धडधड मधोमध लागते की बाजूला, ते बघायचं, आणि बाजूला लागली तर कोमट तेलानं चोळून जागेवर आणायची. सासूकडून आलेली विद्या होती ही. समताने उंबऱ्यातूनच सांगितलं, “यापुढे कोणाच्या पोटाला हात लावलात तर पोलिसांत देईन.” जनकाबाईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “चहा तं घ्या.” समताने चहा घेतला नाही.

आणि पाटी लागू पडली. महिन्याभरात ओव्याच्या तेलाचा वास दवाखान्यातून गेला. पोट दुखतंय म्हणून येणारे येतच होते, पण “कोणी चोळलं का?” म्हटलं की सगळ्यांचं एकच उत्तर, “नाही ना मॅडम.” तालुक्याच्या बैठकीत समताने हे अभिमानाने सांगितलं तेव्हा टाळ्या वाजल्या. टाळ्या वाजल्यावर कोणाला शंका येते? तिलाही आली नाही.

यंदा एप्रिलमध्ये निवृत्तीभाऊच पोट धरून आले. एरवीचा खाकी सदरा नव्हता, धुवट पांढरा होता, आणि जवळ आले तसा साबणाचा वास आला. समताने चेष्टा केली, “भाऊ, आज लग्नाला निघालात की काय?” ते हसले. जरासं जळजळतं म्हणाले. बाहेर उन्हात लसीकरणाची रांग लागली होती. तिने पोट दाबून पाहिलं, त्यांनी हूं की चूं केलं नाही. ॲसिडिटी म्हणून इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी ते घरीच वारले. वय सत्तरीचं, सगळे म्हणाले हार्टच असणार, आणि समतानेही तेच धरलं. तिरडीमागून ती वेशीपर्यंत चालत गेली होती आणि परतताना रडली होती. त्यानंतर बाकावरची ती जागा कितीतरी दिवस रिकामी राहिली.

आता ऑक्टोबर चालू होता. सोयाबीनची मळणी जोरात होती आणि मंगळवार असल्यामुळे दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. खोकला, ताप, हाताला विळा लागलेला, अंगाला कुटाराची, म्हणजे मळणीच्या भुश्याची, खाज सुटलेली, अशी सगळी रांग. त्यात देवानंद आला. पस्तिशीचा, अंगानं भरलेला, गावोगाव मळणीयंत्र घेऊन फिरणारा गडी. सोबत बायको महामाया.

“काय होतंय?”

“पोट दुखून राह्यलं मॅडम, सकायपासून,” महामायाच बोलली. “काल शेंगदाणे जास्त खाल्ले त्याईनं.”

“उलटी?”

“एखादी झाली.”

देवानंद टेबलावर आडवा झाला. समताने पोटावर हात ठेवला. वर दाबलं, खाली दाबलं, उजवीकडे, डावीकडे. तो छताकडे बघत होता. “दुखतं?” “थोडसंक.” “इथं?” “हाव, थोडसंक.” पोट फार कडक लागत नव्हतं. ताप नव्हता. आसमा सिस्टरने चिठ्ठीवर नाडी एकशेअठरा लिहिली होती, पण उन्हातून आलेल्या, घाबरलेल्या माणसाची नाडी पळतेच. मागच्याच महिन्यात गॅसचा एक पेशंट अँब्युलन्सने वर पाठवला म्हणून तिला फोनवर चार शब्द ऐकून घ्यावे लागले होते. तिने लिहिलं: गॅस. इंजेक्शन, तीन दिवसांच्या गोळ्या.

देवानंद सदरा खाली ओढत उठला. समताने घाम पुसायला हात चेहऱ्याकडे नेला आणि तो तसाच थांबला.

हाताला गुलाबाच्या साबणाचा वास होता.

तिने देवानंदकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं. मानेवर घामात चिकटलेलं कुटार होतं. कानाच्या पाळीत मळणीची करडी धूळ बसली होती. पायांच्या नडग्यांवर मातीचे सुकलेले ओघळ होते. दोन-तीन दिवसांत या माणसाच्या अंगावर पाण्याचा तांब्या पडलेला नव्हता. स्वच्छ होतं ते फक्त पोट.

“देवानंद, परत झोपा,” ती म्हणाली. “पोटाला कोणी हात लावला होता का?”

“नाही ना मॅडम.”

“चोळलं कोणी?”

“नाही ना. कोणीच नाही.” हे महामाया म्हणाली, पण बोलताना तिची नजर उघड्या दारातून सरळ भिंतीवरच्या पाटीवर गेली आणि तिथून खाली पायाकडे आली.

समताने लिहिलेली चिठ्ठी बाजूला सारली. ‘सकाळपासून’ हा शब्दच खोटा असेल तर बाकी सगळंच खोटं. पोटदुखीत पोट अर्धंच सांगतं. उरलेलं अर्धं माणसानं तोंडानं सांगायचं असतं: आधी कुठं दुखलं, मग कुठं गेलं, उलटी दुखण्याआधी की नंतर, कळ वाढत गेली की मध्येच थांबली. ते अर्धं समतानेच भिंतीवर पाटी टांगून बंद करून टाकलं होतं. तिनं पुन्हा एकदा विचारलं, मग आवाज चढवून विचारलं, आणि आवाज चढवला तशी दोघं आणखीच मिटली. देवानंद म्हणाला, “मॅडम, सुई मारा ना. यंत्र उभं हाये तिकडं.”

आसमा सिस्टर दहा वर्षं या केंद्रात होती. कधी बोलायचं आणि कधी नाही, हे तिला बरोबर कळे. ती जवळ येऊन हळूच म्हणाली, “मॅडम, जनकाबाई गेटपाशी बसली हाये. याईच्याच मागं आली. आत या म्हणलं तं येत नाही.”

समता तशीच बाहेर गेली. रांगेतले लोक बघत राहिले.

गेटजवळच्या कडुनिंबाखाली जनकाबाई पदर डोक्यावरून घेऊन बसली होती. समताला बघून ती चटकन उठली आणि चप्पल शोधू लागली.

“जाऊ नका,” समता म्हणाली. “देवानंदच्या पोटाला तुम्ही हात लावला होता?”

“मी काऊन लावू? तुमी बजावलं न मले.”

“जनकाबाई, मी भांडायला आलेले नाही.”

“पोलिसात देईन म्हणलं होतं तुमी.”

“म्हटलं होतं.” हे बोलायची समताला सवय नव्हती. “चुकलं माझं ते. मी कोणाला सांगणार नाही, लिहिणार नाही. पण आत तो माणूस झोपलाय आणि त्याच्या पोटात काय झालंय ते मला समजत नाहीये. तुमच्या हाताला काय लागलं, तेवढं सांगा.”

म्हातारीने चप्पल शोधणं सोडलं. मग कडुनिंबाच्या खोडाला टेकून पुन्हा बसली, आणि समताही समोर मातीतच उकिडवी बसली.

“रविवारी सकायी बलावलं मले,” जनकाबाई म्हणाली. “तवा बेंबीपाशी दुखे. आधी दुखणं, मंग उलटी. म्या पाह्यलं, चोयलं. सोमवारी पुन्हा बलावलं तं कळ खाली उतरली होती, उजव्या कुशीत. पाय पोटाशी घेऊन पडला होता. बोट टेकवलं तं पोट दगडावानी. म्या म्हणलं, हे बेंबीचं नाही, हे माह्या हातचं नाही, मॅडमकडं जा. तं म्हणे तिथं घेत नाहीत. दुकानातून दुखायच्या गोळ्या आणल्या अन् म्हणे तुमी चोयाच. म्या हलकंच चोयलं. अन् दिवस बुडता बुडता एकदम थांबलं.”

“थांबलं? हळूहळू कमी झालं की एकदम?”

“एकदम. हसला तो. घरचे म्हणे, बसली बेंबी. पण मले नाही पटलं, मॅडम. बेंबी बसली का पोट मऊ पडते, माणूस भाकर मागते. यानं पाणी बी मागतलं नाही. आज सकायी पाह्यलं तं दुखणं साऱ्या पोटात पांगलेलं. म्या म्हणलं, आता चाला, नाही म्हणलं तं मी तुमच्या दारात बसतो. त्याईनं पोट धुतलं अन् आले.”

समताच्या डोळ्यांपुढे सगळं लख्ख उभं राहिलं. वैद्यकीय पुस्तकातलं जे पान तिनं परीक्षेसाठी पाठ केलं होतं, तेच ही बाई कडुनिंबाखाली बसून सांगत होती, आणि एकही पायरी न गाळता. अपेंडिक्स रविवारी सुजलं. सोमवारी संध्याकाळी फुटलं, म्हणून ताण गेला आणि कळ थांबली. सगळं घर आनंदात असताना पोटात पू पसरत होता. वरून दुकानातल्या गोळ्यांनी ताप झाकला, दुखणं झाकलं.

ती धावतच आत आली. देवानंदच्या उशाशी वाकून तिनं एवढंच विचारलं, “येताना गाडी खड्ड्यांत आदळली तेव्हा कसं वाटलं?”

देवानंदने महामायाकडे पाहिलं. मग डोळे मिटले. “एकूण एक खड्डा पोटात लागला, मॅडम.”

“सोमवारी ते एकदम थांबलं होतं ना? जनकाबाईंनी सांगितलं मला सगळं.”

महामायाला रडू फुटलं. “आमाले वाटलं तुमी हाकलून देसान.”

पुढची वीस मिनिटं कोणाला बोलायला फुरसत नव्हती. सलाइन लागलं, पहिलं अँटिबायोटिक गेलं, तोंडानं काही द्यायचं नाही अशी ताकीद झाली, अँब्युलन्स दाराशी लागली. समताने चिठ्ठी लिहिली. एरवी दोन ओळींत उरकायची ती आज पानभर झाली. रविवार सकाळ, सोमवार, सोमवार संध्याकाळ, मंगळवार. खाली ‘माहिती देणार’ अशी एक रेघ असते, तिथं नातेवाइकाचं नाव घालतात. तिथं तिनं लिहिलं: जनकाबाई, यांनी तीन दिवस पोट हाताने पाहिले आहे.

दुपारी चारला बुलढाण्याहून सर्जनचा फोन आला. फुटलेलं अपेंडिक्स होतं, पोट धुऊन काढलं, माणूस शुद्धीवर येतोय. “उद्यावर गेला असता तर कठीण होतं,” ते म्हणाले. “एवढी स्वच्छ हिस्ट्री मला कोणी लिहून पाठवत नाही. जनकाबाई म्हणजे तुमची सिस्टर का?”

“नाही सर. जनकाबाई म्हणजे आमच्या गावच्या जनकाबाई.”

फोन ठेवला आणि ती हसली. आसमाने सगळ्या दवाखान्याला ओरडून सांगितलं. गेटबाहेर बसलेल्या जनकाबाईने दोन्ही हातांची बोटं कानशिलांवर मोडली. ओपीडी रिकामी होत आली होती. समताला वाटलं आता घरी जावं, डोकं धुवावं, झोपावं. म्हणून तिनं रजिस्टर मिटायला घेतलं, आणि मिटता मिटता तिच्या मनात एक नको तो विचार आला.

पाटी लागल्यापासून पोटदुखीचे किती जण येऊन गेले? त्यातले किती जण पोट धुऊन आले होते?

ती मागची पानं उलटू लागली. गॅस. अपचन. जंत. मूतखडा. पुन्हा गॅस. तिच्याच अक्षरातल्या त्या नोंदी आता तिलाच परक्या वाटत होत्या. एप्रिलच्या पानावर तिचं बोट थांबलं. निवृत्ती, वय सत्तर, ॲसिडिटी.

पांढरा धुवट सदरा. लग्नाला निघालात की काय?

ती बाहेर गेली. जनकाबाई उठून चालायला लागली होती. समताने तिला हाक मारली.

“निवृत्तीभाऊंचं पोट तुम्ही पाहिलं होतं का? एप्रिलमध्ये?”

जनकाबाईला विचारलंच नसतं तर तिनं आयुष्यभर सांगितलं नसतं, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

“हाव,” ती म्हणाली. “दोन दिवस चोयून घेतलं त्यानं. म्या म्हणलं, भाऊ, मॅडमले खरं सांगजो. तं म्हणे, ती पाटी म्या ठोकली, आता मीच कसा सांगू? लाज वाटते म्हणे मले.”

समता गेटच्या खांबाला धरून उभी राहिली. कदाचित ते हार्टच असेल. कदाचित पोटात काही फुटलं असेल, जठराचा व्रण, पित्ताशय, काहीही. ते आता कधीच कळणार नव्हतं. पण त्या दिवशी तिच्यासमोर एक माणूस खोटं बोलत झोपला होता, आणि ते खोटं बोलायला तिनंच त्याला भाग पाडलं होतं. त्याच्याच हातानं खिळे ठोकून घेऊन. आजवर कोणाच्या मृत्यूनं तिला इतकी शरम वाटली नव्हती.

“भाऊंच्या घरी, सत्यभामाकाकूंकडे जाऊन येते,” ती म्हणाली.

“काऊन? काय सांगसान तिले? गेलेला माणूस येते काय वापस?”

“नाही येत. पण मला सांगायला पाहिजे.”

जनकाबाईने पदर सारखा केला. “मंग मीबी येतो. म्याबी चोयलं होतं.”

निवृत्तीभाऊंची बायको सत्यभामाबाई ओसरीत गोधडीला टाके घालत बसली होती. या दोघींना एकत्र येताना पाहून तिला नवल वाटलं असावं. तिनं सतरंजी पुढे सारली. समता बसली आणि जमेल तसं बोलली. पाटीचं बोलली, देवानंदचं बोलली, आणि शेवटी म्हणाली, “काकू, भाऊंना मी नीट तपासलं नाही. त्यांना खरं सांगता येईल असं मी काही ठेवलंच नव्हतं.” बोलता बोलता तिचा आवाज फुटला. जनकाबाई पदरानं डोळे पुसत होती.

सत्यभामाबाईने हातातला टाका पुरा केला. दोरा दातांनी तोडला. सुई गोधडीत खोचून ठेवली.

“तुमी दोघीच काऊन रडता,” ती म्हणाली. “पाणी म्या तापवलं होतं. त्याईच्यानं वाकणं होत नव्हतं, म्हणून पोट बी म्याच धुतलं. तेलाचा वास जात नव्हता तं नवा साबण काढला, म्हणलं मॅडमले पत्ता नको लागायले.”

तिनं न्हाणीच्या कोनाड्याकडे मान वळवली. समतानेही तिकडे पाहिलं. एकदाच वापरलेला गुलाबी साबण तिथं सहा महिन्यांपासून होता, सुकून त्याला भेगा पडल्या होत्या.

“टाकून देववत नाही,” सत्यभामाबाई म्हणाली, “अन् वापरवत बी नाही.”

मग ती उठली आणि चुलीवर चहाचं आधण ठेवलं. या वेळी समता नाही म्हणाली नाही.